दिवसांच्या मानाने लहान जन्मलेले बाळ : बौद्धिक वाढीसाठी घ्यावयाची काळजी

प्रसूतीनंतर बाळाचे वजन सांगितले जाते, तेव्हा ते गर्भावस्थेच्या कितव्या आठवड्यात जन्मले, हेही विचारून घ्यावे. ३८ आठवड्यांनी जन्मलेले २.२ किलोचे बाळ दिवसांच्या मानाने लहान असते. ३४ आठवड्यांनी जन्मलेले तेवढ्याच वजनाचे बाळ अपुऱ्या दिवसांचे असते, पण दिवसांच्या मानाने लहान नसते. गर्भावस्थेतील पोषण अपुरे पडल्याने पहिल्या बाळाची वाढ मंदावलेली असू शकते. म्हणून त्याच्या वाढीवर अनेक वर्षे लक्ष ठेवणे हितावह असते.

म्हैसूरच्या नोंदी काय सांगतात?

म्हैसूर येथील होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयात १९३४ पासून नवजात बाळाचे वजन, लांबी व डोक्याचा घेर यांची नोंद ठेवली जात असे. त्या नोंदींच्या आधारे, तेथे जन्मलेल्या व तपासणीच्या वेळी ५५ ते ८० वर्षे वयाच्या ७२१ व्यक्तींची तपासणी झाली. जन्मतः वजन अधिक असलेल्यांची बौद्धिक क्षमता उतारवयातही काहीशी चांगली आढळली. मात्र स्वतःचे शिक्षण, आईचे शिक्षण व घरची आर्थिक स्थिती यांचाही संबंध त्या क्षमतेशी दिसून आला.

याच शहरात पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या ५०५ मुलांची नऊ-दहा वर्षांच्या वयात चाचणी घेण्यात आली. जन्माचे वजन व डोक्याचा घेर जास्त असलेल्या मुलांची नवे शिकण्याची व शिकलेले दीर्घकाळ लक्षात ठेवण्याची क्षमता थोडी अधिक होती. भाषा, एकाग्रता व अल्पकालीन स्मरण यांत असा संबंध आढळला नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९८७ ते १९८९ या काळातील, २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बालकांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. अपुऱ्या दिवसांची आणि दिवसांच्या मानानेही लहान अशी बालके त्यांत सर्वाधिक मागे राहिली.

याचा अर्थ काय?

हे निष्कर्ष अनेक मुलांच्या सरासरीचे आहेत. आपल्या एका बाळाचे भवितव्य त्यांवरून ठरत नाही. लहान जन्मलेली असंख्य मुले उत्तम शिकतात. म्हणून बाळाला ‘मंद’ म्हणू नये आणि आईला दोष देऊ नये. रक्तक्षय, अपुरा आहार, गर्भावस्थेतील उच्च रक्तदाब, वारेचे दोष, तंबाखू व मिश्री ही यामागील काही कारणे असून त्यांपैकी बहुतेकांवर वेळीच उपाय करता येतात.

गर्भावस्थेत

• पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवावे व प्रत्येक तपासणीत वजन आणि रक्तदाब मोजून घ्यावा.
• चौथ्या महिन्यापासून लोह व फॉलिक ॲसिडची गोळी दररोज, किमान १८० दिवस घ्यावी.
• मिश्री, तंबाखू व गुटखा पूर्णपणे बंद करावा. घरातील इतरांनीही गर्भवतीजवळ धूम्रपान करू नये.
• गर्भवतीने सर्वांत शेवटी व उरलेले जेवण्याची प्रथा कुटुंबाने मोडावी.

जन्मानंतर

• जन्माचे वजन, आठवडे व डोक्याचा घेर माता व बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्यावा आणि कार्ड जपून ठेवावे.
• बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब द्यावी. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे. घुटी, मध वा पाणी देऊ नये.
• सहा महिने पूर्ण होताच स्तनपानासोबत घट्टसर वरण-भात, अंडी, भाज्या व फळे द्यावीत.
• बाळाशी बोलावे, गाणी म्हणावीत, खेळावे. हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे आणि त्यास खर्च येत नाही.
• आशा स्वयंसेविका गृहभेटीस येईल तेव्हा बाळाचे वजन तिच्यासमोर करून घ्यावे.

केव्हा दाखवावे?

दोन महिन्यांनंतरही बाळ ओळखीचे हसत नसेल, नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्षापर्यंत चालत नसेल किंवा शाळेत शिकलेले वारंवार विसरत असेल, तर थांबू नये. अंगणवाडी सेविकेस अथवा प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी विनामूल्य होते व गरजेनुसार जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते.

जन्माचे वजन बदलता येत नाही. त्यानंतरचा आहार, सहवास व शिक्षण मात्र आपल्या हाती आहे.