लाकडातील मुंगळे आणि वाळवी



या दमट बेटावर घरच्या लाकडाला दोन शत्रू आहेत: काळे मुंगळे आणि वाळवी. इंग्रज वाळवीला 'पांढरी मुंगी' म्हणत, आणि त्या नावाने झालेला घोटाळा अजून मिटलेला नाही. वाळवी ही मुंगी नव्हेच. ती झुरळाच्या कुळातली. दोहोंवरचे उपाय भिन्न असल्याने, रुग्णाप्रमाणे घराचेही आधी निदान करावे, मग औषध आणावे.

मुंगळ्याची कंबर बारीक असते आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात. पंख असल्यास पुढचे मोठे, मागचे लहान. वाळवीची कंबर भरीव, मिशा सरळ, चारही पंख सारखे. पाऊस पडून गेल्यावर संध्याकाळी दिव्याभोवती कीटक घोंगावले आणि सकाळी खिडकीखाली नुसते पंख सापडले, तर ती बहुधा वाळवी. मुंगळा लाकूड खात नाही. वस्तीसाठी ते पोखरतो आणि भुसा बाहेर ढकलतो. जमिनीतून येणारी वाळवी लाकूड आतून खाते आणि भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या उभारते. वरचा पापुद्रा तसाच राहतो, म्हणून नुकसान उशिरा कळते.

आपल्याकडे मात्र एक सोय आहे. घरचा मेझुझा सात वर्षांत दोनदा तपासावा, असा नियम आहे. त्याच दिवशी चौकटीवर बोटांनी टकटक करून पाहावे. आवाज पोकळ आला तर शंका घ्यावी.

मुंगळ्यांना ओले, कुजू लागलेले लाकूड प्रिय. तेव्हा प्रथम गळका नळ किंवा वातानुकूलन यंत्राचे ठिबकणारे पाणी बंद करावे. रात्री टॉर्च घेऊन त्यांच्या रांगेचा माग काढावा आणि वाटेवर साखरेच्या पाण्यात बोरिक पावडर घालून ठेवावी. प्रमाण शंभरास एक, त्याहून अधिक नको; जहाल विषाने मुंगळा वाटेतच मरतो आणि वस्तीपर्यंत काही पोहोचत नाही. एके काळी याच पावडरीने घरोघर डोळे धुतले जात, म्हणून ती निरुपद्रवी समजू नये. तान्ह्या मुलांचे प्राण तिने घेतलेले आहेत. बशी मुलांच्या हाती लागणार नाही अशीच ठेवावी.

वाळवीच्या बाबतीत नळ्या फोडून फवारा मारण्याचा मोह आवरावा. त्याने समोरची शेपन्नास मरतात, उरलेली दुसऱ्या वाटेने लाकडात शिरतात. नळ्या तशाच ठेवून जाणकार कीटकनियंत्रकाला बोलवावे. तो लावतो त्या आमिषातील औषध कीटकाला कात टाकू देत नाही. वाळव्या एकमेकींना तोंडाने अन्न भरवतात, त्यामुळे ते साऱ्या वसाहतीत पसरते. याला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. औषधाचे नाव कागदावर लिहून घ्यावे. कोणाला बाधा झाल्यास डॉक्टर आधी तेच विचारतील.

कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवण्याची आपल्या वडीलधाऱ्यांची सवय फार जुनी. वाळवीला त्या रोखत नाहीत, पण जी-सिक्स-पीडी या द्रव्याची कमतरता असलेल्या बाळाला घातक ठरतात. त्या वासाच्या दुपट्यात गुंडाळल्यानेही तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. सिंगापुरात १९६५ पासून नवजात बालकांची ही तपासणी होते. इराकी यहुदी घराण्यांत हा दोष बराच आढळतो, आणि आता आपले त्यांच्याशी सोयरसंबंध आहेत. बाळंतिणीच्या खोलीत या गोळ्या मुळीच नकोत.

राहिली पुस्तके. वाळवी लागलेली पुस्तके घराबाहेर नेऊन मऊ ब्रशाने झटकावीत, सावलीत वाळवावीत आणि भिंतीपासून चार बोटे दूर मांडावीत. पूर्ण खाल्लेली प्रार्थनापुस्तके कचऱ्यात टाकू नयेत. गेनिझासाठी सिनेगॉगमध्ये आणावीत. मात्र नीट झटकून, बंद पिशवीतून आणा. तिथली कपाटेही लाकडाचीच आहेत.