मिरची न चाखता

दोंडाईच्याची ओळख मिरचीची. हिवाळ्यात लाल मिरचीची आवक वाढली की पथाऱ्यांवर ती वाळत पडते, देठं खुडणाऱ्या बायका नाकातोंडाला पदर गुंडाळून बसतात आणि वाटेनं जाणाऱ्यालाही ठसका लागतो. तिखटपणा ओळखायला इथं कुणाला प्रयोगशाळा लागत नाही. नवं वाण घडवणाऱ्याला मात्र हा ठसका फारसा कामाचा नाही.

तिखट मिरची आणि ढोबळी मिरची या एकाच प्रजातीतल्या. त्यांचा संकर केला की पहिल्या पिढीची झाडं तिखट निघतात. त्यांचंच बी पुढे पेरलं की दुसऱ्या पिढीत साधारण चारांतलं एक झाड गोड. उरलेल्या तिघांपैकी एक अस्सल तिखट. दोघांच्या पोटात गोडपणा दडलेला, तो पुढच्या पिढीत वर येणार. जिभेला तिघंही सारखीच. शिवाय जीभ लावायची तर फळ धरेपर्यंत थांबावं लागतं.

तिखटपणाची ही किल्ली पन-१ नावाच्या जनुकात आहे, मिरचीच्या बारा गुणसूत्रांपैकी दुसऱ्यावर. ढोबळी मिरचीत या जनुकाचा सुमारे २,५०० डीएनए-अक्षरांचा तुकडा गळून गेला आहे, हे २००५ साली प्रसिद्ध झालं. मग वाफ्यातल्या रोपाच्या पानाचा बोटाच्या नखाएवढा तुकडा पुरतो. त्यातला डीएनए काढायचा, गळलेल्या जागेच्या दोन्ही कडा धरून मधला भाग पीसीआरनं वाढवायचा आणि जेलमध्ये विजेच्या प्रवाहानं पळवायचा. आखूड तुकडा जेलमधून जास्त पुढे सरकतो, लांब तुकडा मागे रेंगाळतो. अतिनील प्रकाशात पट्टे चमकतात. फक्त वरचा पट्टा: ‘ए’. फक्त खालचा: ‘बी’. दोन्ही: ‘एच’, म्हणजे संकरित. आणि पट्टा पुसट असेल, तर तक्त्यातला रकाना रिकामा. वाचणाऱ्याचं कसब या शेवटच्या बाबतीत दिसतं. अंदाजानं भरलेला रकाना रिकाम्या रकान्यापेक्षा महागात पडतो.

का, ते गुणसूत्राचा नकाशा, म्हणजे त्यावरच्या अशा खुणांचा क्रम आणि अंतरं, बनवताना कळतं. दोन खुणा गुणसूत्रावर जवळजवळ असतील तर त्या सहसा जोडीनंच पुढच्या पिढीत जातात. लांब असतील तर मध्येच गुणसूत्रांची अदलाबदल होऊन जोडी फुटते. शंभरांत एकदा जोडी फुटली, तर अंतर १ सेंटिमॉर्गन. समजा, संकरित झाडाचा पुन्हा ढोबळीशी संकर करून १०० रोपं घेतली आणि एका रोपात ओळीनं पाच खुणांवर बी, बी, एच, बी, बी असं वाचलं. खुणा खेटून असतील तर तो मधला ‘एच’ बहुधा वाचनातली चूक. पण गणिताला तिथं दोन अदलाबदली दिसतात आणि नकाशा २ सेंटिमॉर्गननं फुगतो. अशा दहा चुका झाल्या की गुणसूत्र नको तितकं लांबलचक होऊन बसतं.

दुसरी अडचण याच्या उलट. दूरच्या दोन खुणांमध्ये खरोखरच दोनदा अदलाबदल झाली, तर जोडी परत जुळते आणि काहीच घडलं नाही असं वाटतं. म्हणजे मोजलेलं अंतर खऱ्यापेक्षा कमी भरतं. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ साली यावर सूत्र दिलं, पण त्यात एका अदलाबदलीचा शेजारच्या अदलाबदलीवर काहीच परिणाम होत नाही असं गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात एक झाली की जवळपास दुसरी व्हायची शक्यता घटते. हे लक्षात घेणारं सूत्र मांडलं दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. गोव्यात जन्मलेले, तेव्हा पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणारे, आणि त्याच काळात प्राचीन नाणी तराजूत घालून त्यांच्या झिजेचं संख्याशास्त्र मांडणारे. १९४३-४४च्या सुमारास ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये आलेला त्यांचा हा निबंध अवघा चार पानांचा. मराठी वाचकाला कोसंबी इतिहासकार म्हणून माहीत असतात. जगभरच्या पीकशास्त्रज्ञांना त्यांचं नाव नकाशाच्या सूत्रामुळे ठाऊक असतं, आणि त्यातल्या कितीजणांना हा माणूस नाण्यांचाही अभ्यासक होता याची कल्पना असेल!

फरक किती पडतो? दोन खुणांची जोडी २० टक्के रोपांत फुटली असेल, तर हाल्डेनच्या सूत्रानं अंतर २५.५ सेंटिमॉर्गन येतं, कोसंबींच्या सूत्रानं २१.२. खुणा दाट असतील तर दोन्ही उत्तरं जवळपास एकच.

आता जेलची जागा बऱ्याच ठिकाणी यंत्रांनी घेतली आहे. डीएनएच्या एका अक्षराचा फरक रंगीत चमकेवरून वाचला जातो, पडद्यावर ठिपक्यांचे तीन पुंजके उमटतात: ए, एच, बी. दोन पुंजक्यांच्या मध्ये लोंबकळणारा ठिपका कुठं घालायचा, हा प्रश्न मात्र सुटलेला नाही.

पन-१ फक्त तिखट की गोड एवढंच सांगतो. मिरची किती झोंबेल हे अनेक जनुकं, पाण्याचा ताण आणि हवामान मिळून ठरवतात. त्या जनुकांच्या जागा शोधायला शेकडो खुणांचा नकाशा लागतो, आणि त्यासाठी त्याच झाडांच्या फळांतलं कॅप्सायसिन, म्हणजे तिखटपणा देणारं द्रव्य, यंत्रावर मोजावं लागतं. तिथं पुन्हा फळ पिकेपर्यंत वाट पाहणं आलंच.