तबकडी फिरते, पण बरोबर फिरते का?

मशीन्सच्या ओरलला हमखास येणारा प्रश्न : सिंक्रोनस मोटरचा वेग कशावर अवलंबून असतो? उत्तर सगळ्यांना पाठ. 120 गुणिले फ्रिक्वेन्सी, भागिले पोलची संख्या. मलाही पाठ होतं. पण त्याचा अर्थ कळला तो मामांच्या घरी, तोंडावर आपटल्यावर.

झालं असं, की माझे मामा बरीच वर्षं अमेरिकेत होते. रिटायर होऊन परत आले ते सत्तरच्या दशकातलं बेल्ट-ड्राइव्ह टर्नटेबल आणि खोकंभर नाट्यगीतांच्या एलपी घेऊन. "इंजिनिअर होतोयस ना? मग बघ जरा," म्हणाले. आता भाच्याने नाही कसं म्हणायचं?

बेल्ट कशाला?

मोटर म्हटली की थरथर आलीच. रेकॉर्डच्या खाचेतून फिरणारी सुई केसाहून बारीक हालचाल वाचते, त्यामुळे मोटरची थरथर तिच्यापर्यंत पोचली तर स्पीकरमधून घरघर ऐकू येते. म्हणून मोटर एका बाजूला आणि प्लॅटर दुसऱ्या बाजूला ठेवून मध्ये रबरी बेल्ट घालतात. 1961 साली एडगर व्हिलचर यांनी अकूस्टिक रिसर्च कंपनीसाठी केलेल्या टर्नटेबलमध्ये प्लॅटर आणि टोनआर्म एकाच स्प्रिंगवर टांगलेल्या चौकटीवर बसवले होते, मोटर मात्र वेगळी. पुढच्या कित्येक कंपन्यांनी हीच कल्पना उचलली. मामांचं मशीनही त्याच जातीचं.

आधी साफसफाई

जुन्या बेल्टचं डांबर झालं होतं. पुली आणि सब-प्लॅटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढले. नवीन बेल्ट आणला. (सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून लावणारे महाभाग आहेत. लावू नका. जाडी एकसारखी नसते, गाणं डुलतं.) बेअरिंगमधलं तेल सुकून चिकट झालं होतं. स्पिंडल हळूच वर काढला, तळाला एक पोलादी गोळी असते ती हरवू दिली नाही, सगळं पुसून पातळ तेलाचे मोजके थेंब टाकले. स्पिंडल परत सोडताना दाबायचा नाही. खाली हवा अडकलेली असते, त्यामुळे तो आपल्याच वजनाने सावकाश बसतो. चौकट प्रवासासाठी स्क्रूंनी आवळलेली होती, ते सोडले. सुईवरचा भार कार्ट्रिजच्या माहितीपत्रकाप्रमाणे लावला. सुई उडते म्हणून हेडशेलवर नाणं ठेवायची जुनी पद्धत विसरा, रेकॉर्ड खरवडली जाते.

पहिली थाप : मीटरची

नेमप्लेटवर 120 व्होल्ट, 60 सायकल. मामांकडे बाजारातला स्टेपडाउन होता. आउटपुटच्या दोन वायरींमध्ये मीटर लावला, 110 व्होल्ट. झकास! प्लग लावला, टोनआर्मला हात लावला आणि सणसणीत झिणझिणी आली. पायात स्लीपर होती म्हणून निभावलं.

कारण नंतर उमगलं. तो स्टेपडाउन म्हणजे ऑटोट्रान्सफॉर्मर, म्हणजे एकच वाइंडिंग, इनपुट आणि आउटपुटला एक टोक सामाईक. त्यात दोन पिनांचा प्लग. तो उलटा बसला की सामाईक टोकावर फेज येते. मग आउटपुटच्या वायरींमध्ये 110 व्होल्टच दिसतात, पण अर्थच्या हिशेबाने एक वायर 230 वर आणि दुसरी 120 वर! आणि चेसिसमध्ये शिरते तिथेच जुन्या केबलचं इन्शुलेशन तडकून त्यात धूळ आणि ओल भरली होती. खरं तर हे काम सगळ्यात आधी करायला हवं होतं : प्लग न लावता केबल बघायची, मेगरने वाइंडिंग आणि चेसिसमधलं इन्शुलेशन मोजायचं. आमचा काटा जवळजवळ शून्यावर होता. केबल बदलल्यावर तो वर गेला.

दुसरी थाप : स्ट्रोबची

प्लॅटरच्या कडेला बारीक रेघा असतात आणि शेजारी निऑनचा दिवा. रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. आमच्या रेघा अगदी ढिम्म. मी विजयी मुद्रेने रेकॉर्ड लावली. मामा दोन ओळी ऐकून म्हणाले, "अरे, ही बाई अशी गात नाही."

मी रेघांकडे बोट दाखवलं. मामांनी पेटी ओढली. गायिकेची पट्टी काळी चार, हे त्यांना पक्कं ठाऊक. आवाज येत होता पांढरी चारच्याही किंचित खाली.

आता हिशेब बघा. मोटर 16 पोलची. 60 सायकलवर 450 आरपीएम, आपल्या 50 वर 375. म्हणजे प्लॅटर 33⅓ ऐवजी 27.8 आरपीएमने फिरत होता आणि गाणं तीन सुरांहून थोडं जास्तच उतरलं होतं. मग रेघा स्थिर कशा? रेघा 216. अमेरिकेत दिवा सेकंदाला 120 वेळा लुकलुकतो, आपल्याकडे 100 वेळा. मोटर जेवढी मंदावली तेवढाच दिवाही मंदावला! दोघांचं जेवण एकाच ताटातलं, मग एक दुसऱ्याची चूक कशी दाखवणार? स्टेपडाउन व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही, हे मला ‘माहीत’ होतं, फक्त सुचलं नाही.

इलाज

पुली 1.2 पट मोठी हवी. जुनी 10 मिलिमीटरची होती, म्हणून वर्कशॉपच्या सरांच्या देखरेखीखाली 12 ची पितळी पुली लेथवर काढली. 50 सायकलसाठी 180 रेघांची चकती छापून ट्यूबलाइटखाली पाहिली (चोकवाली ट्यूब हवी, बरेचसे एलईडी दिवे असे लुकलुकत नाहीत). रेघा सेकंदाला जवळजवळ एक या गतीने मागे सरकत होत्या, म्हणजे वेग एक टक्का कमी. चूक बेल्टच्या जाडीची. 0.6 मिलिमीटरचा बेल्ट धरला तर परिणामी व्यास 10.6, त्याच्या 1.2 पट 12.72, म्हणजे पुली 12.12 ची हवी. दुसरी पुली बरोबर बसली. पुलीच्या पृष्ठाला मध्ये किंचित फुगवटा ठेवला, कारण सपाट बेल्ट नेहमी मोठ्या व्यासाकडे चढतो आणि मग घसरून पडत नाही. 45 ची पायरीही याच हिशेबाने.

व्होल्टेजचंही तसंच. फ्रिक्वेन्सी घटली की वाइंडिंगचा रिअ‍ॅक्टन्स घटतो, करंट वाढतो, मोटर तापते. म्हणून 120 ला 50/60 ने गुणून 100 व्होल्ट. वाइंडिंगवाल्याकडून दोन वेगळ्या वाइंडिंगचा 230/100 चा ट्रान्सफॉर्मर करून घेतला. फ्यूज, तीन पिनांचा प्लग आणि चेसिसला अर्थ. स्विचवरचा जुना कपॅसिटर काढून मेन्ससाठीचा एक्स-टू दर्जाचा लावला. पहिल्यांदा चालू केलं ते सिरीज बल्बवर.

त्या संध्याकाळी मामांनी पुन्हा तीच रेकॉर्ड लावली आणि पेटीवर काळी चार दाबून धरली. सूर जुळला. शाबासकी वगैरे काही नाही. बाजू संपली तेव्हा उठले, रेकॉर्ड उलटली आणि परत बसले.

घरच्या माळ्यावर असं मशीन असेल तर जरूर खाली काढा. पण हॉस्टेलच्या खोलीत एकट्याने प्लग लावायच्या आधी नेमप्लेट वाचा, केबल बघा आणि लॅबमध्ये सरांसमोर मोजा. आणि मोजताना एवढं विचारा, की हा मीटर नक्की कशाच्या तुलनेत सांगतोय?