कुंडीतली कुंडली: गॅलरीतल्या फुलांचे भन्नाट किस्से

भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी दोन मिनिटं थांबा! माळ्यावरचा तेलाचा पत्र्याचा डबा, फाटका गमबूट, संक्रांतीचं सुगड आणि परवाच चाटूनपुसून संपवलेला श्रीखंडाचा डबा... बॉस, हे भंगार नाही, ही तुमची बाग आहे. त्यात लावायची फुलंही साधीच, गल्लीबोळातली. पण एकेकाची कुंडली अशी की वेब सिरीज निघावी!

अडीचशे वर्षांचा भाडेकरू

जगातलं सगळ्यात म्हातारं कुंडीतलं झाड कुठे आहे, माहीत आहे का? लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये! वनस्पती गोळा करणाऱ्या फ्रान्सिस मॅसनने दक्षिण आफ्रिकेतून आणलेलं हे सायकॅड १७७५ मध्ये तिथे पोचलं, तेव्हा आपले सवाई माधवराव पेशवे जेमतेम एक वर्षाचे होते. कुंड्या बदलल्या, भाडेकरू तोच. क्यूमध्ये त्याने शंकू (त्याचं फूलच समजा!) धरला तो एकदाच, १८१९ साली. तेव्हा तुमची जास्वंद महिनाभर रुसली, तर टेन्शन नॉट!

होम डिलिव्हरी, इजिप्त स्टाइल

रोप मुळांसकट पॅक करून मागवायची आयडिया आपल्या ऑनलाइन नर्सऱ्यांची वाटते? छे! सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी इजिप्तची राणी हॅटशेपसुट हिने पुंट देशातून सुगंधी राळेची जिवंत झाडं टोपल्यांत घालून जहाजाने आणवली. देर अल-बहारीच्या मंदिराच्या भिंतीवर तो सीन आजही कोरलेला आहे.

खिळा आतून, पाणी बाहेर

आता करा हातपाय हलवायचं काम. तेलाचा डबा घ्या, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा आणि मोठा खिळा आतून बाहेरच्या दिशेने ठोका. पाच-सहा भोकं पुरे. बाहेरून ठोकलंत, तर पत्र्याचा काठ आत वळतो आणि भोकाभोवती पाणी अडून बसतं. वरचा कापलेला काठ पकडीने दुमडून घ्या, बोटं वाचतील. पत्रा उन्हात जाम तापतो, म्हणून बाहेरून पांढरा रंग फासा. खाली दोन विटा. झाली कुंडी तय्यार!

खडी? नको रे बाबा!

‘तळाला खडी टाका, निचरा चांगला होतो.’ हे आजवर किती जणांनी सांगितलंय? होतं मात्र उलटंच! बारीक मातीतलं पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. वरची माती पुरती तुडुंब झाल्यावरच ते खाली सरकतं. म्हणजे चिखलाचा थर तळाऐवजी थेट मुळांपाशी! भोकावर एक खापरी ठेवा, माती वाहून जाणार नाही, बस. माती भुसभुशीत हवी असेल तर तिच्यातच कोकोपीट मिसळा. ते तरी काय? आपल्या नारळाच्या सोडणाचा भुसा! स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी पिऊन बसतो पठ्ठ्या.

दसऱ्याचा पाहुणा

झेंडूशिवाय दसरा? शक्यच नाही. पण झेंडू मूळचा मेक्सिकोचा, माहीत आहे का? तिथे नोव्हेंबरच्या सुरुवातीला पूर्वजांच्या सणात याच फुलांच्या पायघड्या घालतात. ‘कोको’ सिनेमातला तो केशरी पूल आठवतोय? तोच हा झेंडू!

आणखी एक धक्का: झेंडूचं एक फूल म्हणजे एक फूल नव्हेच. आपण ज्याला पाकळी म्हणतो, ती प्रत्येक पाकळी म्हणजेच एक छोटं फूल. म्हणून तर तोरण फेकू नका! सुकलेली पाकळी ओढा. टोकाला काळी, सुईसारखी बारीक काडी दिसेल. तेच बी. श्रीखंडाच्या डब्यात पेरा, आठवड्याभरात कोंब. तोरण हायब्रिड झेंडूचं असेल, तर फुलं सेम टु सेम येतीलच असं नाही. सरप्राइज समजा!

बोगनवेल: फुलापेक्षा पान भारी

बोगनवेलीची गुलाबी फुलं पाहिलीत? नाही पाहिलीत! ती रंगीत पानं आहेत. खरं फूल म्हणजे मधली ती चिमुकली पांढरी नळी. वेलीला नाव मिळालं फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हिल याचं. १७६६ मध्ये निघालेल्या त्याच्या जगप्रवासात झाडं गोळा करायला झान बारे नावाची बाई पुरुषाच्या वेषात जहाजावर चढली होती. पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली ज्ञात स्त्री तीच!

टिप हवी? बोगनवेलीचे लाड करू नका. पाणी जरा ताणून द्या. तहानली की रंगते!

सदाफुली: गेटवरची डॉक्टरीण

सोसायटीच्या भिंतीच्या फटीतही उगवणारी ही सदाफुली मूळची मादागास्करची. १९५०च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर हे संशोधक तिच्यात मधुमेहाचं औषध शोधत होते. साखर राहिली बाजूला, पानांच्या अर्काने रक्तातल्या पांढऱ्या पेशीच कमी झाल्या. त्यातून पुढे आलं विनब्लास्टिन, मग विनक्रिस्टिन. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही वापरतात!

पण एक मिनिट. कुणी सांगितलं म्हणून रोज सकाळी पानं चावायला जाऊ नका. झाड विषारी आहे. औषध कारखान्यात बनतं, कुंडीत नाही.

दोन कटिंग देना!

चहाचे नव्हेत, ब्रह्मकमळाचे! रात्री बारा वाजता अख्ख्या मजल्याला उठवून जे फूल दाखवलं जातं, ते हिमालयातलं ब्रह्मकमळ नाहीच. उत्तराखंडचं राज्यफूल असलेलं खरं ब्रह्मकमळ वेगळं. आपल्या गॅलरीतलं चक्क निवडुंग आहे, तेही मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. तुम्ही ज्याला पान समजता ते त्याचं चपटं खोड! म्हणूनच शेजारच्या काकूंकडून एक वीतभर तुकडा मागा, दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या आणि मातीत खोचा. काम फत्ते.

आता खऱ्या चहाचा विषय निघालाच आहे, तर चोथा कुंडीत टाकण्याआधी धुऊन घ्या. दूध-साखरेसकट टाकलात, तर फुलांआधी मुंग्यांची वरात येईल.

बरणीत बाग, बागेत चहा

१८२९ साली लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्ड नावाच्या डॉक्टरने पतंगाचा कोश बंद बाटलीत ठेवला. पतंगाचं सोडा, बाटलीतल्या ओल्या मातीत नेचा उगवला! त्यातून जन्मली काचेची ‘वॉर्डियन पेटी’. वनस्पती गोळा करणाऱ्या रॉबर्ट फॉर्च्यूनने याच पेट्यांतून चीनमधली चहाची हजारो रोपं भारतात आणली. तुमची रिकामी लोणच्याची बरणी त्याच खानदानातली! घासून लोणच्याचा वास घालवा, ओली माती, एक नेचा, थोडं शेवाळ घाला, झाकण लावा. फक्त थेट उन्हात ठेवू नका, नेच्याचंच लोणचं होईल.

सुगडाची सेकंड इनिंग

संक्रांत संपली की सुगडं जातात कुठे? कुंडीत घाला! रंग न लावलेलं, बिनभोकाचं सुगड मातीत गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा, वर पणती पालथी घाला. भाजलेल्या मातीच्या भिंतीतून पाणी झिरपत राहील आणि मुळं लागेल तेवढं ओढून घेतील. पुरलेल्या मडक्याने पाणी द्यायची ही ट्रिक चीनच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या पुस्तकातही आहे. वीकेंडला गावाला जा बिनधास्त!

टाकीवरची बाग

‘टेरेस गार्डन ही हल्लीची फॅशन’ म्हणणाऱ्यांना मुंबईच्या हँगिंग गार्डनला न्या. १८८०च्या दशकातली ही बाग पाण्याच्या भल्यामोठ्या टाकीच्या डोक्यावर आहे! आणि रस्ता ओलांडला की समोरच्या बागेतलं बुटाच्या आकाराचं घर, म्हातारीचा बूट. गमबूट फाटलाय ना? टाचेला भोकं पाडा, माती भरा, चिनी गुलाब लावा. तुमच्या घरी बूट आणि बाग, दोन्ही एकाच तिकिटात.

१३०० वर्षांची झोप

चीनमधल्या एका आटलेल्या तळ्यातलं सुमारे १३०० वर्षं जुनं कमळाचं बी शास्त्रज्ञांनी रुजवून दाखवलं, माहीत आहे का? सिक्रेट काय, तर कवच. दगडच तो! पूजेच्या दुकानातून भोक न पाडलेला कमळगट्टा आणा. ज्या टोकाला बारीकशी खळी आहे, ते पॉलिश पेपरवर घासा. आतला पांढुरका गर दिसला की थांबा. ग्लासभर पाण्यात टाका, पाणी रोज बदला. आठवड्याच्या आत हिरवा कोंब वळवळत वर येईल. मग चिकणमाती घातलेला बिनभोकाचा टब आणि भरपूर ऊन.

डास? गप्पी मासे सोडा, गप गिळतील! आणि बाकी कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून पुसा. डेंग्यूच्या डासाला अंड्यातून उडायला आठवडा-दहा दिवस लागतात. त्याआधीच आपला ‘कोरडा दिवस’.

आणि आता... कुंड्यांचं घड्याळ!

वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियसने १७५१ मध्ये फुलांच्या उघडमिटीवरून वेळ सांगणाऱ्या ‘फूल-घड्याळा’ची कल्पना मांडली. आपण ती चार डब्यांत बसवू! सकाळी दहाच्या सुमाराला चिनी गुलाब, ज्याला लोक उगाच ‘ऑफिस टाइम’ म्हणत नाहीत. दुपारी चारनंतर गुलबक्षी. अंधार पडला की रातराणी. आणि वर्षातून मोजक्या मध्यरात्रींना ब्रह्मकमळ.

बॅटरी लागत नाही, चावी द्यावी लागत नाही. फक्त श्रावणात या घड्याळावर विसंबून लोकल पकडायला जाऊ नका. आभाळ भरून आलं की ‘ऑफिस टाइम’ सरळ दांडी मारतो!