तिकिटावरच्या दुचाक्या

टपाल तिकिटं जमवायची ठरवलं की पहिला प्रश्न येतो, कोणती जमवायची? जगभरातली सगळी म्हणाल, तर सात जन्म पुरायचे नाहीत! म्हणून बरेच संग्राहक एकच विषय धरतात. कुणी पक्षी, कुणी फुलं, कुणी क्रिकेट. माझा लाडका विषय आहे दुचाकी. सायकल, मोटारसायकल, स्कूटर, जे काही दोन चाकांवर पळतं ते सगळं. एवढ्याशा कागदावर किती विज्ञान मावतं, ते भिंग हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

घ्या तर मग भिंग. हे बघा १९०० सालचं निळं तिकीट. गणवेशातला एक मुलगा सायकलवर बसलाय. त्याचं नाव वॉर्नर गुडइयर, वय जेमतेम बारा-तेरा. दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंग गावाला तेव्हा बोअर सैन्याने वेढा घातला होता. तो वेढा तब्बल २१७ दिवस चालला. गावातली मोठी माणसं मोर्चे सांभाळत होती, म्हणून निरोप आणि पत्रं पोहोचवायचं काम मुलांच्या कॅडेट दलाकडे आलं. गुडइयर त्या दलाचा सार्जंट मेजर होता. सुरुवातीला ही मुलं गाढवांवरून जायची. पुढे अन्नाची टंचाई झाली, लोकांनी गाढवंही खाल्ली आणि मुलं सायकलवर आली.

आता हा निळा रंग बघा. वेढ्यामुळे बाहेरून तिकिटं येण्याची सोय नव्हती, म्हणून गावातच फोटोच्या तंत्राने ती तयार केली. या तंत्रात कागदाला लोहाचे क्षार लावतात, त्यावर चित्राची निगेटिव्ह ठेवतात आणि कागद उन्हात धरतात. जिथे ऊन लागतं तिथे अतिनील किरणांमुळे क्षारांत बदल होतो आणि पाण्यात न विरघळणारा गडद निळा रंग तयार होतो. जिथे निगेटिव्हने ऊन अडवलं, तिथले क्षार तसेच राहतात आणि कागद पाण्यात धुतला की वाहून जातात. उरतो कागदाचा पांढरेपणा. जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८४२ साली ही युक्ती शोधली. म्हणजे गुडइयरची सायकल निळी झाली ती रसायनशास्त्रामुळे!

पश्चिम जर्मनीने १९८३ साली मोटारसायकलींची चार तिकिटं काढली. त्यांतल्या एकावर डाइमलर आणि मायबाख यांनी १८८५ साली बनवलेली गाडी आहे. सांगाडा लाकडी, चाकंही लाकडी. वेग ताशी साधारण १२ किलोमीटर, म्हणजे तुम्ही सायकलवरून तिला सहज मागे टाकाल. पण या गाडीला दोन्ही बाजूंना एकेक चिमुकलं चाकही होतं. मग ही दुचाकी की चारचाकी? मी तिला दुचाकीच मानतो. लहानपणी सायकलला लावतात ना, तशी ती तोल सांभाळायची चाकं होती.

याच संचातलं मेगोलाचं तिकीट मात्र माझं सर्वांत आवडतं. १९२२ सालची ही मोटारसायकल म्युनिकमध्ये बनायची. तिचं इंजिन शोधा बरं! सीटखाली नाही, मध्येही नाही. ते आहे पुढच्या चाकाच्या आत! पाच सिलिंडर चांदणीसारखे मांडलेले, आणि चाकाबरोबर ते इंजिनही गरगर फिरायचं. चाकाचा एक फेरा होईपर्यंत इंजिनाचे सहा फेरे व्हायचे. गाडीला ना क्लच होता, ना गिअर. त्यामुळे चाक थांबलं की इंजिनही बंद! पुन्हा निघायचं तर गाडी ढकलत न्यायची. गर्दीच्या रस्त्यावर चालवणाऱ्याचे काय हाल होत असतील, विचार करा.

अमेरिकेच्या तातडीच्या टपालाची दोन तिकिटं शेजारी ठेवली की काळ कसा बदलला ते दिसतं. १९०२ च्या तिकिटावर पोऱ्या सायकलवरून निघालाय, तर १९२२ च्या तिकिटावर टपालवाला मोटारसायकल उभी करून दारात पत्र देतोय. ब्रिटनने २००५ मध्ये सहा मोटारसायकली तिकिटांवर आणल्या, त्यांत १९१४ ची रॉयल एनफिल्ड आहे. इंग्लंडमधली ती मूळ कंपनी पुढे बंद पडली, पण मद्रासला १९५५ पासून बुलेटची जुळणी सुरू झालेली होती. म्हणून ते नाव आज भारतात गाजतंय.

आणि आपल्याकडची १९३७ ची तिकिटं? त्यांवर टपालाची बैलगाडी आहे, टांगा आहे. चाकं दोनच की! पण ती एका आसावर शेजारी-शेजारी असतात आणि गाडी पुढे कलंडत नाही ती जनावराच्या आधारामुळे. सायकलची चाकं एकामागे एक असतात. ती ज्या बाजूला कलते, त्याच बाजूला आपण हँडल किंचित वळवतो, म्हणून तोल राहतो. मी टांग्याला संग्रहात जागा देईन, पण वेगळ्या पानावर.

तुम्हीही सुरुवात करा. पाकिटावरचं तिकीट ओढून काढू नका. भोवतीच्या कागदासकट कापा आणि साध्या पाण्यात ठेवा. गोंद विरघळून ते सुटलं की चिमट्याने अलगद उचला आणि टिपकागदावर वाळवा. आजी-आजोबांच्या कपाटात जुनं पत्र सापडलं, तर मात्र कात्री लावू नका. पाकीट अख्खंच जपा, कारण शिक्क्यातलं गाव आणि तारीख तिकिटाइतकीच मोलाची असते.