वजन चाळीस, नाव वेगळं

पवईच्या आयआयटीत, भूविज्ञान विभागात एक राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तिथे आरगॉन वायू मोजून दगडांचं वय काढतात, आणि सगळी गंमत 40 या आकड्यात आहे.

दगडातल्या पोटॅशियमच्या दहा हजार अणूंत जेमतेम एक पोटॅशियम-40 असतो. त्याच्या केंद्रकात 19 प्रोटॉन, 21 न्यूट्रॉन. सव्वाशे कोटी वर्षांत यातले निम्मे अणू पालटतात. बहुतेकांचं कॅल्शियम होतं, दहांतल्या एकाचा आरगॉन-40. त्यात 18 प्रोटॉन, 22 न्यूट्रॉन, बेरीज तीच. एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन झाला एवढंच, पण पाण्यात टाकताच पेट घेणारा धातू गेला आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात असा वायू आला. तापलेल्या लाव्हातून तो निसटून जातो. लाव्हा थिजला की स्फटिकांत साठू लागतो.

मास स्पेक्ट्रोमीटरला नावाशी देणंघेणं नाही. तो आयन चुंबकातून वळवतो. जड कमी वळतात, हलके जास्त. या दोन चाळिसांच्या वजनातला फरक पंचवीस हजारांत एक. तो या यंत्राच्या आवाक्यातला नाही, म्हणून निवडानिवड आधीच करावी लागते. नमुना निर्वात भट्टीत टप्प्याटप्प्याने तापवतात आणि सुटलेले वायू टायटॅनियम-झिर्कोनियमच्या गेटरवरून नेतात. बाकीचे तिथे चिकटतात, आरगॉन पुढे सरकतो.

मग पोटॅशियम किती होतं, हे कळणार कसं? इथली युक्ती मला फार आवडते. नमुने ॲल्युमिनियमच्या कुपीत भरून आधी ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत पाठवतात. वेगवान न्यूट्रॉन पोटॅशियम-39 च्या केंद्रकात घुसतो, प्रोटॉन बाहेर पडतो, उरतो आरगॉन-39. पोटॅशियमलाच आरगॉन करून टाकायचं! आता दोघांचं मोजमाप एकाच यंत्रात, एकाच दमात होतं. सोबत कोलोराडोचं 52 कोटी वर्षांचं हॉर्नब्लेंड हे खनिज ठेवतात. न्यूट्रॉनांचा मारा किती बसला ते त्यावरून समजतं. हवेतला आरगॉन शिरलेला असतोच. तो आरगॉन-36 वरून हिशेब करून वजा करतात.

अंधेरीत भवन्स कॉलेजजवळ गिल्बर्ट हिल आहे. सुमारे 200 फूट उंच, उभ्या काळ्या खांबांची जुडी, माथ्यावर देवीचं देऊळ. भूवैज्ञानिक हेतू शेठ, कांचन पांडे आणि सहकाऱ्यांनी 2001 साली याच पद्धतीने तिचं वय काढलं: सुमारे 6 कोटी 5 लाख वर्षं, बारा लाख इकडे-तिकडे. सह्याद्रीतले मुख्य थर 6 कोटी 60 लाखांच्या आसपासचे. म्हणजे मुंबईतला हा लाव्हा बराच उशिराचा, भारत आणि सेशेल्स यांची फारकत झाली त्या काळातला.