विश्लेषण : वरळी-महाड बसप्रवास आज एका दिवसाचा, १९२७ मध्ये तो टाळावा का लागला?

महाडच्या चवदार तळे सत्याग्रहाचे २०२७ हे शताब्दी वर्ष. २० मार्चला वरळीच्या बीडीडी चाळींसह मुंबईच्या अनेक वस्त्यांतून अनुयायी बस करून महाडला जातात. पहाटे निघून रात्री परतता येते. शंभर वर्षांपूर्वी मात्र याच मार्गावर बसमध्ये घेतले जाईल, याची शाश्वती नव्हती.

महाडच का?

महाड ही सावित्रीकाठची जुनी बाजारपेठ. मालाची ने-आण खाडीने होई आणि वरंध घाटातून देशाची वाट होती. आसपासच्या गावांतील अस्पृश्य बाजारहाटासाठी आणि सरकारी टपाल, वसूल पोहोचवण्यासाठी येथे येत. पण तहान लागली तरी चवदार तळ्याचे पाणी त्यांना मिळत नसे.

पाणी खुले झाले होते ना?

झाले, पण कागदावर. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले केले. प्रत्यक्षात पाणी प्यायले गेले ते २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले.

बस का टाळली?

डिसेंबरमध्ये दुसरी परिषद ठरली. मुंबईहून बोटीने धरमतर आणि पुढे बस, हा नेहमीचा मार्ग होता. मात्र धरमतरचे बसमालक आयत्या वेळी नकार देतील, अशी भीती होती. त्यामुळे २४ डिसेंबरला दोनशेहून अधिक प्रतिनिधी ‘पद्मावती’ बोटीने निघाले आणि हरिहरेश्वरमार्गे दासगावला उतरले. तेथून महाडपर्यंतचे पाच मैल ते चालत गेले. महाडचे दुकानदार माल देणार नव्हते, म्हणून शिधाही बाहेरून आणावा लागला. या परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा खटला १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकाली निघाला.

आज कसे जाता येते?

गटासाठी एसटीची पूर्ण बस ‘प्रासंगिक करारा’वर मिळते. त्यासाठी आगारात आधी नोंदणी करावी लागते. वरळी-महाड अंतर सुमारे १७० किलोमीटर आहे. मुंबई-गोवा महामार्गाची अवस्था पाहता पाच तास हाताशी ठेवावेत. चवदार तळे, क्रांतिस्तंभ आणि गांधारपाले लेणी एका दिवसात होतात. रायगडासाठी मात्र वेगळा दिवस काढावा.